फोटो नका पाठवू, दोन ओळी लिहून पाठवा

प्रति,
मा. संपादक साहेब,

पत्र लांबलंय, आधीच सांगून ठेवतो. कात्री लावायची तर खालून लावा पण काकाजींची गोष्ट राहू द्या, कारण हे पत्र तिच्यावरूनच सुचलं.

मी वरुड तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरची साडेतीन एकर संत्रा आहे आणि गावात एक छोटं ऑनलाईन सेंटर चालवतो, म्हणजे सातबारा, फॉर्म, झेरॉक्स, रिचार्ज, आणि लोकांचे मेल उघडून वाचून दाखवणं हेही त्यातच आलं, त्याचे पैसे कोणी देत नाही आणि मी मागतही नाही. याच्या आधी सहा वर्षं पुण्यात एका कंपनीत होतो, काम होतं मार्केटिंगचे ईमेल बनवायचं. तुमच्या इनबॉक्समध्ये ते 'फक्त आज रात्री 12 पर्यंत' वाले मेल येतात नं, ते बनवणाऱ्यांपैकी मी एक. कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

तर यंदा जूनमधली गोष्ट. शेजारचे काकाजी सेंटरवर आले, हातात फोन, म्हणे "बाबू, पाह्य बरं, नर्सरीवाल्याचं काहीतरी आलं, मले तं नुसता पांढरा डब्बा दिसून रायला." काकाजींना जुन्या बागेतली वाळलेली झाडं काढून तिथे रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली संत्र्याची कलमं लावायची होती, त्यासाठी एका नर्सरीत नाव, नंबर, ईमेल लिहून आले होते, ईमेल नातवानं काढून दिलेला. नर्सरीनं बुकिंगचा मेल पाठवला, पण काकाजींच्या वावरात टॉवरची एक काडी दिसते तीही वारा आला की जाते, त्यामुळे मेलमधलं चित्र काही उतरलंच नाही. मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. माझ्याकडे मेल वाचायचं थंडरबर्ड आहे, त्यात व्ह्यू मध्ये मेसेज बॉडी ॲज म्हणून असतं तिथे मी प्लेन टेक्स्ट, म्हणजे नुसती अक्षरं, लावून ठेवलंय, नेट वाचतं म्हणून. तर त्यात काय दिसलं, इंग्रजीत एकच ओळ, की तुमचं ईमेल ॲप एचटीएमएल, म्हणजे रंग-चित्रांचा सजवलेला मेल, दाखवू शकत नाही, ब्राउझरमध्ये पहा, आणि खाली अडीच ओळीची एक लिंक. मंग ते सेटिंग बदलून चित्र उतरवलं, उतरता उतरता चहा पिऊन झाला, आणि मंग दिसली एक हिरवीगार बाग, तिच्यावर पिवळ्या अक्षरात, शनिवारपर्यंत बुकिंग केलं तर सूट, सातबारा आणि आधार घेऊन या.

काकाजी आले होते सोमवारी. मेल आला होता आधीच्या बुधवारी. पाच दिवस तो पांढरा डब्बा घेऊन फिरले माणूस, पोराला दाखवला, एसटीत कोणाला तरी दाखवला.

मला म्हणे, "काऊन बे, हे लिवून नव्हतं पाठोता येत काय त्याइले?"

येतं नं काकाजी. 1992 पासून येतं. तेच सांगायला हे पत्र लिहून राहिलो.

मेल म्हणजे आपल्याला एक कागद वाटतो पण ते पाकीट असतं. नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी 1992 मध्ये माइम नावाची पद्धत लिहून ठेवली, तिच्यात अशी सोय केली की एकाच पाकिटात त्याच मजकुराच्या दोन चिठ्ठ्या टाकता येतात, एक साधी, नुसती अक्षरं, आणि एक सजवलेली, रंग फोटो बटणं सगळं. याला मल्टिपार्ट अल्टरनेटिव्ह म्हणतात. साधी चिठ्ठी आधी ठेवायची, सजवलेली नंतर, आणि उघडणाऱ्याच्या फोनला किंवा ॲपला त्यातली शेवटची जी जमेल ती तो दाखवतो, सजवलेली नाही जमली तर साधी. किती शहाणपणाची सोय आहे पहा, लग्नाच्या पंगतीत पथ्यवाल्या म्हाताऱ्याला वेगळं वरण-भात ठेवतात तसंच झालं. फक्त आता पंगत वाढणाऱ्यानं त्या वेगळ्या भांड्यात 'कृपया पुरणपोळी खा' अशी चिठ्ठी टाकून ठेवली आहे, वरण नाहीच. काकाजींच्या पाकिटात साधी म्हणून होती ती तीच चिठ्ठी.

आणि जाहिरातीचा मेल म्हटला की चित्र पाहिजेच असंही काही नाही. जगातला पहिला जाहिरातीचा मेल म्हणतात तो 3 मे 1978 चा, गॅरी थ्यूर्क नावाच्या माणसानं डीईसी या कॉम्प्युटर कंपनीसाठी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या जवळपास 400 लोकांना पाठवला, सगळा साधा मजकूर, वरून सगळी कॅपिटल अक्षरं. लोक चिडले ते न विचारता पाठवला म्हणून, चित्र नाही म्हणून नव्हे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. पुण्यात असताना आमच्याकडे प्लेन टेक्स्ट म्हणजे शेवटची पाच मिनिटं. डिझाईनवर चार दिवस भांडण, बटण नारंगी की लाल यावर मीटिंग, आणि साधी चिठ्ठी मात्र सॉफ्टवेअरला सांगायची की तूच काढ बाबा. सॉफ्टवेअर काढतं, काढत नाही असं नाही, पण ते काय करतं तर सजवलेल्या चिठ्ठीतले रंग पुसून उरलेलं सगळं ओतून देतं, मेनू, 'येथे क्लिक करा', फेसबुक, इन्स्टाग्राम, पुन्हा 'येथे क्लिक करा', आणि प्रत्येकाच्या मागे हातभर लांब लिंक. एका दिवाळीला मी सजवलेल्या चिठ्ठीत नवीन ऑफर टाकली, 20 टक्के सूट, आणि साधी चिठ्ठी बदलायची विसरलो, तिच्यात दसऱ्याचीच 30 टक्के राहून गेली. एका गिऱ्हाईकानं नेमकी तीच वाचली आणि लिहिलं, मला 30 टक्के द्या, तुमच्याच मेलमध्ये आहे. साहेब माझ्यावर ओरडले ते सोडा, पण ओरडून झाल्यावर म्हणाले काय, "पण प्लेन टेक्स्ट वाचतं कोण?" अहो वाचणाराच तर समोर बसून 30 टक्के मागून राहिला होता. त्याला सूट दिली शेवटी. त्या दिवसापासून मी उलटं करायला लागलो, आधी साधी चिठ्ठी लिहायची, हातानं, मंग तिच्यावरून डिझाईन. टीममध्ये मला गावठी म्हणायचे त्यावरून.

आता मुद्द्याचं. आपल्याकडचे दुकानदार, नर्सरीवाले, खतवाले, बियाणेवाले हे फोटोच काऊन पाठवतात, त्यांना हौस आहे म्हणून असं मला नाही वाटत. खरं कारण तालुक्याच्या डीटीपीवाल्याच्या, म्हणजे छपाईचा मजकूर टाईप करून देणाऱ्याच्या, दुकानात आहे. तिथे आजही मजकूर कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतो, वीस-वीस वर्षं हात बसलेला आहे त्यांचा, आणि कृतिदेव म्हणजे काय, तर आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचा सदरा घातलेली. 'का' टाईप केलं की कॉम्प्युटरच्या लेखी ते 'डी के' असतं, फॉन्ट आहे तोवर 'का' दिसतं, फॉन्ट काढला की डी के. आणि साध्या मेलला फॉन्ट नसतोच, तो समोरच्याच्या फोनचा असतो. म्हणून डीटीपीवाल्यानं तोच मजकूर मेलमध्ये चिकटवला की नुसती इंग्रजी खिचडी दिसते, मंग तो काय करतो, आहे त्याचा जेपीजी, म्हणजे फोटो, काढतो आणि तो पाठवतो, काम झालं. पोस्टर छापायला दिलेलं तेच मेलमध्ये, तेच व्हॉट्सॲपवर. त्याची चूक नाही म्हणत मी. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, प्रत्येक फोनमध्ये आहे, आपण सगळे व्हॉट्सॲपवर तेच टाईप करून राहिलो, तर मेलपुरता तरी मजकूर फोनवर बोलून टाईप करा नं, गुगलचा कीबोर्ड मराठी बोललेलं लिहून देतो, आपली वऱ्हाडी त्याला सगळी कळत नाही हा भाग वेगळा, मी एकदा 'कलमा' म्हटलं तर त्यानं 'कमला' लिहिलं.

आमचा गावातला दहा-बारा जणांचा गट आहे, संत्रा थेट नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाईकाला पेटीनं पाठवतो, आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांची. पुण्याहून आलो तेव्हा माझ्या फोनमध्ये ओळखीचे लोक होते त्यांच्यापासून सुरू केलं, आता यादी चारशेच्या थोडी वर गेली, त्या थ्यूर्क साहेबाएवढीच, फरक इतकाच की मी विचारून घेतलेली आहे. तर बहाराला मेल जातो, आणि मराठीत साधी चिठ्ठी लिहिणं म्हणजे इंग्रजीत लिहिण्यापेक्षा वेगळं काम आहे हे मला तेव्हा कळलं, पुण्यात कधी कळलं नव्हतं कारण तिथे सगळं इंग्रजीत.

पहिली गोष्ट म्हणजे इंग्रजीवाले हेडिंग उठून दिसावं म्हणून कॅपिटलमध्ये लिहितात. आपल्याकडे कॅपिटल कुठून आणायचं? देवनागरीत मोठा 'सं' आणि छोटा 'सं' असं काही नसतं. मंग मी हेडिंगच्या खाली डॅशची लांब रेघ ओढायचो, छान दिसायची, पुढे तिचाही घोटाळा झाला तो सांगतो. आता मी काहीच करत नाही, वर एक ओळ रिकामी, खाली एक ओळ रिकामी, हेडिंग आपोआप दिसतं.

दुसरी गंमत लिंकची. मी लिहिलं होतं, 'ऑर्डर अमुक-अमुक पत्त्यावर करा', आणि मराठीच्या सवयीनं तो 'वर' पत्त्याला चिकटवून टाकला. आपण विभक्ती चिकटवतोच नं, घरावर, झाडावर, वेबसाईटवर. पण साध्या चिठ्ठीत लिंक कुठे संपली हे फोननंच ओळखायचं असतं, काही फोननी 'वर' पण लिंकमध्ये घेतला, आणि उघडल्यावर पेज सापडत नाही. सतरा-अठरा जणांचे फोन आले, एक बाई म्हणाल्या दादा तुमचं दुकान बंद झालं का. तेव्हापासून लिंक एकटी, तिच्या स्वतःच्या ओळीवर, आधीच्या ओळीत ती कशाची आहे ते, आणि लिंकच्या मागे पूर्णविरामसुद्धा नाही. आणि एका मेलमध्ये दोनच लिंका, एक ऑर्डरची आणि एक 'यापुढे मेल नको' वाली. ही दुसरी साध्या चिठ्ठीतही पाहिजेच, बरेच जण ती फक्त सजवलेल्या चिठ्ठीत ठेवतात आणि साधी वाचणाऱ्याला बाहेर पडायचा दरवाजाच नसतो, मंग तो स्पॅमचं बटण दाबतो, मी असतो तर मीही दाबलं असतं. फेब्रुवारी 2024 पासून गुगलनं दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना सांगूनच ठेवलंय की एका टिचकीत बंद करता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या खाली ठेवा. आम्ही 5000 वाले नाही, पण दरवाजा ठेवायला काय जातं.

तिसरा घोटाळा मोठा होता आणि तो समजायला मला दोन रात्री लागल्या. एका मेलमध्ये मध्येच चौकोनात प्रश्नचिन्हं आली, 'संत्र्याची' मधला 'ची' गेला, 'तोडणी' चा 'णी' गेला, प्रत्येक मोठ्या परिच्छेदात एखादंच अक्षर, जसं उंदरानं कुरतडलं. झालं असं होतं की मेलच्या नियमात एका ओळीत 998 बाईटच्या (बाईट म्हणजे कॉम्प्युटरच्या मोजणीतली एक जागा) वर जाता येत नाही, आणि 78 च्या आत ठेवा असं सुचवलेलं आहे. इंग्रजीचं एक अक्षर एक बाईट, म्हणून त्यांना 998 म्हणजे समुद्र वाटतो. आपलं देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाईटचं, आणि मात्रा आली की तिचे वेगळे तीन. म्हणजे सव्वातीनशे अक्षरं-मात्रा झाली की हद्द आली, आणि मी तर असा लांब लिहितो, हे पत्र पाहूनच तुमच्या लक्षात आलं असेल. मी मेल पाठवायला जो छोटा प्रोग्राम, स्क्रिप्ट, वापरत होतो ती मजकूर तसाच कच्चा पाठवत होती, मधल्या कुठल्या तरी सर्व्हरनं हद्द आली म्हणून तिथे ओळ तोडली, ती नेमकी तीन बाईटच्या मधोमध, अक्षराचे तुकडे झाले. त्यावर उपाय म्हणजे मजकूर बेस64 मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरं-आकड्यांत, गुंडाळून पाठवायचा, आणि कॅरेक्टर सेट, म्हणजे आतली अक्षरं कोणत्या पद्धतीनं वाचायची ते, यूटीएफ-8 आहे असं पाकिटावर लिहायचं. दुसरी पद्धत आहे क्वोटेड प्रिंटेबल, तीही चालते पण तिच्यात आपलं एक अक्षर नऊ जागा खातं, बेस64 मध्ये चार. इंग्रजीवाल्यांचे ब्लॉग वाचले तर ते क्वोटेड प्रिंटेबलच सुचवतात, त्यांच्यासाठी तेच बरोबर आहे, आपल्यासाठी उलटं आहे. आणि यूटीएफ-8 लिहायचं विसरलं की मराठीच्या जागी डोक्यावर रेघ मारलेला इंग्रजी 'ए' आणि बाजूला एक चलनाची खूण, असं पानभर दिसतं, ते पाहिलं असेल तुम्ही कधी ना कधी, सरकारी मेलमध्ये तर हमखास.

हे सगळं मी एकट्यानं नाही शोधलं. आमच्या गावात एक रिटायर गुरुजी आहेत, चौथीपर्यंत मलाही होते, आता डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, पण फोनमध्ये टॉकबॅक लावून सगळं ऐकतात, बोट फिरवलं की फोन बोलतो. गुरुजी आमच्या यादीत आहेत, घेत काही नाहीत, घरचीच संत्रा आहे त्यांची, पण मेल पाहिजे. पहिला सजवलेला मेल गेला त्या संध्याकाळी बोलावलं. म्हणाले बस, ऐक. फोन बोलायला लागला, इमेज, लिंक, इमेज, लिंक, इमेज. गुरुजी म्हणाले, "आता सांग मले, तू काय विकून रायला?"

मला काही सांगता आलं नाही. फोटोंना वर्णन लिहायचं असतं, ऑल्ट टेक्स्ट म्हणतात त्याला, ते मला पुण्यापासून माहीत होतं आणि तरी मी लिहिलं नव्हतं. ते मी त्याच रात्री घातलं. मंग दुसऱ्या मेलला मी साधी चिठ्ठी मन लावून लिहिली आणि मोठ्या तोऱ्यात गेलो ऐकायला, तर फोन पुन्हा इमेजपासूनच सुरू, वर्णन सांगे पण मधल्या बटणांत आणि लिंकांत मजकूर हरवलेला, कारण गुरुजींच्या फोनमध्ये जीमेल आहे आणि जीमेल पाकिटातली सजवलेलीच चिठ्ठी दाखवतं, साधी आत पडून राहते. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल साधी चिठ्ठी टाकली की सगळ्यांचे प्रश्न सुटले. नाही सुटत. म्हणून मी यादीचे दोन भाग केले, ज्यांनी सांगितलं की आम्हाला फोटो नको त्यांना पाकिटात फक्त साधीच चिठ्ठी जाते. विचारलं तर चारशेतले एकसष्ट जण निघाले. त्यात डोळ्यांनी न दिसणारे गुरुजी एकटेच, बाकीचे वावरातले, प्रवासातले, एक डॉक्टर बाई आहेत नागपूरच्या, त्यांच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर चित्रं बंद असतात, आणि चार-पाच जण माझ्यासारखे थंडरबर्डवाले.

गुरुजींनी मंग ती साधी चिठ्ठी ऐकली आणि डॅशच्या रेघेवर फोन अडकला, त्यांचा फोन 'डॅश डॅश डॅश' म्हणत बसला, गुरुजी हसायला लागले, म्हणे "अबे तार करून रायला काय?" त्यांच्या वडिलांच्या नावानं आलेल्या तारा त्यांनी गावभर वाचून दाखवल्या होत्या, लहान असताना. आपल्याकडे तार 2013 च्या जुलैत बंद झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून फालतू शब्द नसायचा, 'बाबा सिरीयस ताबडतोब या', झालं. गुरुजींचं म्हणणं, तुझ्या मेलमध्ये 'प्रिय ग्राहक, आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की' इथेच अर्धी तार संपली. ते खरंच होतं, ते वाक्य मी पुण्याहून उचलून आणलं होतं.

आता आमचा मेल कसा जातो ते दाखवतोच, मागच्या आंबियाचा होता:

संत्रा तयार आहे. तोडणी सोमवारपासून.
एका पेटीत 10 किलो, मध्यम आकार, पिवळा-हिरवा रंग. हिरवा आहे म्हणून कच्चा समजू नका, आंबिया असाच येतो.
ऑर्डर रविवारी संध्याकाळी 6 पर्यंत घेऊ.
पैसे पेटी मिळाल्यावर.
ऑर्डर करायची लिंक खाली आहे. लिंक उघडत नसेल तर याच मेलला उत्तर द्या, किती पेट्या आणि पत्ता एवढंच लिहा.

बस एवढाच. त्याच्या खाली दोन लिंका आणि गावाचा पत्ता. सजवलेल्या चिठ्ठीतही आता हाच मजकूर आहे, वर फक्त बागेचा एक फोटो. आणि याचा एक फायदा माझ्या ध्यानातच नव्हता. लोक हा मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकतात, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, फोटोतली अक्षरं कोण उचलेल? एका गिऱ्हाईकानं तर सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिला, तिथून नऊ पेट्या गेल्या. 'हिरवा आहे म्हणून कच्चा समजू नका' हे वाक्यही गुरुजींचंच, आधीच्या वर्षी फोटो पाहून तीन जणांनी पेट्या परत करायची भाषा केली होती.

पुण्याचे माझे जुने दोस्त म्हणतात साध्या मेलमध्ये कोणी उघडला ते कळत नाही. बरोबर आहे, मेल उघडला हे कळायला त्यात एक ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र ठेवलेलं असतं, ते उतरलं की तिकडे कळतं, आणि साध्या चिठ्ठीत चित्रच नाही तर ठिपका कुठून येणार. पण 2021 मध्ये ॲपलनं त्यांच्या मेलमध्ये अशी सोय आणली की माणसानं उघडो न उघडो, चित्रं आधीच मागवून ठेवायची, तेव्हापासून त्या आकड्याला तसाही काय अर्थ राहिला. आणि काकाजींच्या फोनवर चित्र उतरलंच नाही म्हणजे त्या नर्सरीच्या हिशोबात काकाजींनी मेल उघडलाच नाही. पाच दिवस तोच मेल घेऊन फिरलेला माणूस!

स्पॅमचंही सांगतात लोक, की साधी चिठ्ठी नसली की मेल स्पॅममध्येच जातो. असं सरळ नसतं. स्पॅमअसॅसिन सारख्या गाळण्यांमध्ये नुसतं एचटीएमएल असलेल्या मेलला स्पॅमचे थोडे गुण लागतात एवढं खरं, बाकी शंभर गोष्टी असतात. मी त्या भीतीनं लिहा म्हणत नाही.

मी म्हणतो काय, की बियाण्याच्या कंपनीनं, ठिबकवाल्यानं, बँकेनं, विमावाल्यानं, ज्यांच्या मेलमध्ये तारीख असते आणि ती चुकली की शेतकऱ्याचं नुकसान होतं, त्यांनी तरी तारीख, रक्कम, कागदपत्रं आणि कुठे यायचं ह्या चार गोष्टी अक्षरात लिहाव्या, फोटोत नको. पीक विम्याचंच घ्या, आपल्याकडे 2025 च्या खरिपाआधी नुकसान झाल्यावर 72 तासांत कळवा असा नियम होता, आणि तोच नियम रंगीत पोस्टरमध्ये टाकून मेल करायचे, तो पोस्टर पावसाळ्यात, लाईट गेलेली असताना, एका काडीच्या नेटवर उतरायलाच दोन तास लागायचे. एसएमएस करा म्हणाल तर तिथेही आपली भाषा महाग पडते, इंग्रजीत एका एसएमएसला 160 अक्षरं आणि मराठीत 70, म्हणून कंपन्या रोमनमध्ये मराठी लिहून पाठवतात आणि ते वाचायला लोक पुन्हा माझ्याकडेच येतात. मेलला तसं काही बंधन नाही, कितीही मराठी लिहा, 5000 अक्षरं लिहिली तरी बेस64 करून वीस केबी, एका बागेच्या फोटोत असे पंचवीस मेल बसतील.

आणि साहेब, राग मानू नका, तुमच्या पेपरचा सकाळचा मेल मलाही येतो. थंडरबर्डमध्ये त्याची साधी चिठ्ठी उघडली तर वर बातम्यांच्या ऐवजी 'ॲप डाउनलोड करा' तीन वेळा येतं आणि मंग पहिली बातमी, तीही मथळाच फक्त. सोयाबीन-संत्र्याचे भाव खाली कुठेतरी चित्रात. गावात पेपर साडेदहाला येतो, त्या आधी लोक माझ्याकडे भाव विचारायला येतात. भावाचा तक्ता अक्षरात टाकला, बाजार समितीचं नाव आणि भाव, ओळीला एक, तर मी तो सरळ प्रिंट काढून सेंटरच्या दरवाज्याला चिकटवीन, रोज.

काकाजींनी नंतर दुसऱ्या नर्सरीतून कलमा आणल्या, सूट नाही मिळाली, जुलैच्या शेवटी लावल्या, दोन सोडून सगळ्या धरल्या. त्या पहिल्या नर्सरीवाल्याला मी मेल लिहिला होता, साधाच, की काय झालं आणि काय करता येईल. त्यांचं उत्तर आलं पंधरा दिवसांनी. धन्यवाद लिहिलेला गुलाबाचा फोटो होता.

आमचा यंदाच्या आंबियाचा मेल लिहून झालाय. काल गुरुजींकडे ऐकवायला गेलो होतो, त्यांनी 'वाहतूक खर्च वेगळा' हे वाक्य वर घ्यायला लावलं, म्हणे खाली ठेवलं तर लपवल्यासारखं वाटते. वर घेतलंय.

आपला,
एक वाचक, संत्रावाला आणि सेंटरवाला,
तालुका वरुड, जिल्हा अमरावती